मालकीण चंद्रिका, भाडेकरू प्रमोदिनी

नुंगंबाक्कम, चेन्नई
२१ ऑगस्ट २००८

तीर्थरूप आईंना,

धाकट्या सुनेचा मद्रासहून वाकून नमस्कार. (चेन्नई म्हटलं की तुम्ही 'ते आणि कुठं आलं' असं विचारता, म्हणून तुमच्यापुरतं मद्रासच.) गुडघे कसे आहेत? गेल्या महिन्यात पाठवलेलं तेल लावता का, की शेजारच्या बाईंना देऊन टाकलंत? दिलं असलंत तर त्यांचे गुडघे कसे आहेत तेही कळवा, म्हणजे तेलाचा गुण तरी समजेल. तुमच्या मिरजेच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? जाऊबाईंनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. बरणीचं झाकण वाटेत उघडलं होतं, पण सोबतच्या टॉवेलात मेतकूट व्यवस्थित गोळा झालं होतं. टॉवेल झटकून वापरतो आहोत. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, यांचं ब्लडप्रेशर मध्ये चढलं होतं ते उतरलं, आणि ते का चढलं होतं हे सांगायलाच पत्र लिहायला बसले आहे.

परवा भाऊजींना यांनी फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं. सांगताना हे हसत होते, ते तिकडे ऐकू आलं नसणार. फोन मध्येच तुटला, पुन्हा लागला नाही, आणि मग जाऊबाईंनी ऊर्मीला बंगळूरला फोन करून 'तुझ्या बाबांचं काही कानावर आलं का गं' असं विचारल्याचं कळलं. तेव्हा आधी एवढं सांगून टाकते की तुमच्या मुलानं दुसरी बायको केलेली नाही. त्यांना एकच बायको आहे आणि ती मीच. सरकारनं मोजताना दोन भरल्या, एवढंच झालं. तुम्ही देव पाण्यात घातले असतील तर बाहेर काढून पुसून ठेवा. हे सगळं मी फोनवरच सांगितलं असतं, पण नेमका मुद्दा आला की तुम्ही 'बरं बरं, ठेव आता' म्हणता. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. जाऊबाईंना मोठ्यानं वाचायला सांगू नका, त्या मधली मधली वाक्यं गाळतात.

तर पहिल्यापासून सांगते. मी शिवलेल्या नऊवाऱ्या विकते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते तुम्हाला आवडलेलं नाही हे मला ठाऊक आहे. 'लुगडं नेसायचं असतं, चढवायचं नसतं' असं तुम्ही दिवाळीत म्हणालात. (म्हणालात खरं, पण मी स्वयंपाकघरात गेल्यावर त्याची चेन बराच वेळ वर-खाली करून पाहत होतात. मी दारातून बघितलं.) पण आई, परदेशात वाढलेल्या पोरींना कासोटा घालायला कोण शिकवणार? त्यांच्या आयांनाच येत नाही. आणि इथल्या अय्यर लोकांतही लग्नात नवरीला नऊवारच लागते, त्याला मडिसार म्हणतात. नेसायची तऱ्हा निराळी, पण मांडवात सुटेल म्हणून नवरीचं रडणं तेच. मला दोन्ही येतं, मडिसार शेजारणींचं बघून आणि कासोटा तुमच्याकडून. खालच्या मजल्यावरची अलमेलू मामी काठ शिवून देते. ऊर्मीनं वेबसाइट करून दिली, त्यावर फोटोही तिचेच आहेत, फक्त तोंड कापून. (लग्नाची मुलगी, उगाच कुणी लुगड्याऐवजी तिचीच चौकशी करायचं.) न्यूजर्सीहून, सिडनीहून मागण्या यायला लागल्या. अडचण एवढीच झाली की गिऱ्हाईक कार्डानं पैसे देतं, ते मधली एक कंपनी घेते, आणि ती कंपनी ते दुकानाच्या नावाच्या खात्यातच टाकते. तसं खातं बँक उघडते, पण असं दुकान आहे हे आधी सरकारनं लिहून द्यावं लागतं. तोवर पैसे अधांतरी. सिडनीच्या एका नवरीचं लग्न झालं, फोटो आले, आता डोहाळजेवणाला हिरवं मिळेल का म्हणून विचारते आहे, आणि तिचे पहिले पैसे अजून वाटेतच आहेत.

यांचं म्हणणं होतं की वर्षभर थांब. सरकारी नोकराला दुकान काढता येत नाही, पण हे मार्चमध्ये रेल्वेतून रिटायर होतील, मग यांच्या नावावर नोंदणी करायची. यांचे सगळे कागद जन्मापासून एका नावाचे आणि एका फायलीत, एका दिवसाचं काम. बोलणं बिनतोड होतं. पण आई, घरातला गॅस यांच्या नावावर, फोन यांच्या नावावर, स्कूटर यांच्या नावावर, इतकंच काय, ज्या मशीनवर मी शिवते त्याचं गॅरंटी कार्डसुद्धा यांच्या नावावर. मी म्हटलं, हे दुकान माझ्या नावावर होईल, आणि आत्ताच होईल. भांडण झालं नाही. फक्त त्या दिवशी आमटी जरा तिखट झाली आणि यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. आता दुकान माझ्या नावावर करायचं म्हणजे करायचं, हे ठरलं. माझं नाव कोणतं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याही डोक्यात आला नाही.

तो यायला हवा होता. हे घर माझ्या वडिलांचं, त्यांनी जाताना माझ्या नावावर केलं. (हे घरजावई झाले असं वन्सं म्हणतात. त्यांना सांगा, रेल्वे क्वार्टरचं गळणं पाहिलं असतं तर त्याही घरजावई झाल्या असत्या.) पण वडिलांनी घर केलं ते जे. चंद्रिकाच्या नावावर. आम्ही तंजावरकडचे मराठी, इथल्या रीतीनं आडनाव लावत नाही, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लावतो. जनकोजींची चंद्रिका म्हणून जे. चंद्रिका. शाळेत तीच, कॉलेजात तीच. मग लग्न झालं, तुम्ही ताटात तांदूळ पसरलेत, यांनी अंगठीनं त्यात तुम्ही निवडलेलं नाव लिहिलं, आणि मी प्रमोदिनी उमाकांत निगुडकर झाले. रेशनकार्ड, पॅनकार्ड, मतदारयादी, सगळीकडे प्रमोदिनी. मात्र खरं सांगायचं तर मद्रासमध्ये त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. हे 'अगं' म्हणतात, ऊर्मी 'आई' म्हणते, आणि या गल्लीनं मला परकराच्या वयापासून पाहिलेलं असल्यामुळे गल्ली चंद्रिकाच म्हणते. प्रमोदिनी हे नाव तुम्ही, रेशनकार्ड आणि इन्कमटॅक्स एवढीच मंडळी वापरता.

नोंदणीची कचेरी गिंडीला. कोपऱ्यावरचे ऑडिटर राजगोपाल यांनी कागद लावून दिले आणि मी बसनं गेले. तिथल्या अधिकारी त्रिपुरसुंदरी नावाच्या बाई होत्या. केसात मोगरा, टेबलावर स्टीलचा डबा, आणि चेहऱ्यावर असं शांतपण की आपण काहीही सांगितलं तरी ते त्यांनी सकाळीच एकदा ऐकलेलं असावं. त्यांनी विचारलं, दुकान कुठं आहे? मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर कुठं आहे? देवघराशेजारी. त्यांनी 'पूजेच्या खोलीला लागून' असं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बाहेर पाटी हवी, तमिळ अक्षरं मोठी, तिचा फोटो आणून द्यायचा. माझं गिऱ्हाईक सिडनीत बसलेलं, त्याला नुंगंबाक्कमच्या भिंतीवरची पाटी कशी दिसणार, हे मी विचारणार होते. पण सासरी इतकी वर्षं काढल्यावर कुठं गप्प बसायचं ते कळतं. (हे तुम्हाला उद्देशून नाही.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्या म्हणाल्या, जागा जे. चंद्रिका यांची आहे, त्यांचं संमतीपत्र आणा. मी म्हटलं, ती मीच. त्या म्हणाल्या, मग अर्जातली प्रमोदिनी कोण? मी म्हटलं, तीही मीच. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, न्यूमरॉलजी? इथे लोक नशीब फळफळावं म्हणून नावात अक्षरं वाढवतात. त्यांच्या स्वतःच्या मेहुण्यानं नावात दोन ए जास्तीचे घातले आणि त्याची बदली पार शहराबाहेर एन्नोरला झाली, तेव्हा तुम्हाला काही गुण आला का, असं त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मी सांगितलं की आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्या म्हणाल्या, ते आमच्यातही बदलतं, वडिलांचं अक्षर जातं आणि नवऱ्याचं येतं. मी म्हटलं, तसं नाही, अख्खं नावच बदलतात. त्यांना ते पटेना. पहिल्यात काय खोट होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रीत आहे, सासूबाईंनी हौसेनं निवडलं. मग त्याचा पुरावा? मी म्हटलं, ताटात तांदळावर लिहिलं होतं. ते तांदूळ कुठं आहेत? दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला. बाई म्हणाल्या, 'अम्मा, म्हणजे पुरावा तुम्ही खाल्लात?' मी म्हटलं, एकटीनं नाही, घरच्या सगळ्यांनी. (मसालेभात केला होता ना तुम्ही, की साधा? मी त्यांना मसालेभात सांगून बसले आहे.)

पुढच्या खेपेला मी लग्नाचा अल्बम नेला. त्यात ताटाचा फोटो आहे, पण ऐन वेळी भाऊजींचं कोपर पुढे आलं आहे आणि तांदळात फक्त 'नी' दिसतं. त्रिपुरसुंदरींनी अल्बम शेवटपर्यंत पाहिला, तुमच्या नथीची चौकशी केली, पंगतीत हातानं मठ्ठा पिणारे ते गृहस्थ कोण म्हणून विचारलं (तुमचे धाकटे बंधू), आणि अल्बम मिटून म्हणाल्या, 'नी'नं काही सिद्ध होत नाही, आमच्या कचेरीत रंजनी आहे, तिनंही उद्या घर मागितलं तर?

राजगोपालांनी यावर तोड काढली. बारीक अंगाचा सज्जन माणूस, कपाळाला विभूती, पण कागद म्हटला की डोळ्यांत चमक येते. ते म्हणाले, राजपत्रात नाव जाहीर करायला महिने लागतील, कशाला? मालकीण चंद्रिका, भाडेकरू प्रमोदिनी. चंद्रिकेनं प्रमोदिनीला खोली दुकानासाठी भाड्यानं द्यावी, संमतीपत्रही द्यावं. मालकाची आणि भाडेकरूची कुडी निराळी असावी असं कायद्यानं कुठं म्हटलंय? मला ते बरोबर वाटलं. (तुम्ही काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे.) करारात अटी होत्या. भाडेकरूनं मालकिणीला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकू नये, मालकिणीनं सांगितल्याशिवाय खोलीत येऊ नये, आणि भाडेकरूनं रात्री मोठ्यानं मशीन चालवून मालकिणीची झोप मोडू नये. चंद्रिकेनं तमिळमध्ये सही केली, शाळेतल्यासारखी, आणि प्रमोदिनीनं मराठीत, तुम्ही मिरजेला बसवून घोटवून घेतली होतीत ती. नोटरींनी मान वर केलीच नाही. एकीची सही झाल्यावर 'दुसऱ्या पार्टीनं बसावं' म्हणाले, म्हणून मी उठून शेजारच्या खुर्चीवर बसले. निघताना म्हणाले, घरमालक आणि भाडेकरूनं असंच गुण्यागोविंदानं राहावं. हे साक्षीदार होते. 'दोन्ही पक्षांना व्यक्तिशः ओळखतो' असं छापलेलं होतं, त्याखाली यांनी आपली सुंदर सही ठोकली. सहीचं वळण चांगलं म्हणून नोटरींनी तारीफ केली, त्यावर हे दिवसभर खूश होते.

मग एक दिवस जागेची पाहणी करायला प्राणेश नावाचा इन्स्पेक्टर आला. मी पार्सल टाकायला पोस्टात गेले होते, हे ऑफिसात. त्यानं खाली अलमेलू मामीला विचारलं, इथे भाडेकरू प्रमोदिनी राहतात का? मामी म्हणाली, कोण प्रमोदिनी? या घरात त्या नावाचं कुणी कधी राहिलेलं नाही. वर चंद्रिका राहते, तिला मी झबल्यात पाहिलंय. प्राणेशनं कागद बघून विचारलं, आणि उमाकांत म्हणून कुणी? ते आहेत ना, मामी म्हणाली, महाराष्ट्राचे, रेल्वेतले, फार चांगला माणूस, रोज सकाळी दूध आणतो. कुठं राहतात? कुठं म्हणजे, वर चंद्रिकेबरोबर. कधीपासून? पुष्कळ वर्षं झाली की, एक मुलगी आहे, बंगळूरला असते. प्राणेशच्या कागदावर उमाकांत हे भाडेकरू प्रमोदिनीचे पती होते, आणि ते त्यानं मामीला वाचूनही दाखवलं. त्यानं मामीला पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर जिन्यावर बसूनच लिहिलं की भाडेकरू बाई बेपत्ता आहे, शेजारीपाजारी तिला कुणी पाहिलेलं नाही, तिचा नवरा घरमालकिणीबरोबर राहतो, त्यांना एक मुलगीही आहे, आणि सदर इसमानं दोघींना व्यक्तिशः ओळखत असल्याचं स्वतःच्या सहीनं मान्य केलं आहे. माणूस हुशार. यात एक वाक्य खोटं काढून दाखवा.

मी परत आले तर मामी जिन्यात उभी. माझा हात धरला, डोळे भरलेले, आणि अप्पळम पापडांचा डबा हातात दिला. मला वाटलं तिच्या माहेरचं कुणी गेलं. मग हे ऑफिसातून आले तर मामीनं यांच्या तोंडावर दार लावलं. इतकी वर्षं हे तिच्यासाठीही दूध आणत होते, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन आणलं. आणि त्याच आठवड्यात गिंडीहून यांच्या नावानं कागद आला, की भाडेकरू प्रमोदिनी यांचा ठावठिकाणा आणि घरमालकिणीशी असलेलं आपलं नातं याबाबत समक्ष येऊन खुलासा करावा.

आई, यांचं ब्लडप्रेशर चढलं ते तेव्हा. सरकारी नोकरीत दुसरी बायको म्हणजे नोकरी जाते, पेन्शन जातं, आणि रिटायर व्हायला तर वर्षही उरलेलं नाही. ज्या माणसानं कधी ऑफिसची टाचणी घरी आणली नाही, त्याच्यावर हा आळ, आणि तोही स्वतःच्याच बायकोच्या बाबतीत. हे बसले खुलासा लिहायला, पण प्रत्येक वाक्य लिहिल्यावर आणखीच संशयास्पद वाटायला लागलं. 'मी व प्रमोदिनी एकत्रच राहतो, चंद्रिकाही सोबत असते' हे वाचल्यावर मी कागद फाडला. तेव्हा मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. दुकान गेलं खड्ड्यात, मार्चमध्ये होईल ते होईल, यांच्या नावावर करू, असं मीच म्हणाले. यावर हे काय म्हणाले ते मुद्दाम लिहिते, आपल्या मुलाचं कौतुक आईनं ऐकायलाच हवं. म्हणाले, एवढं झाल्यावर आता तुझ्याच नावावर होणार, चल.

गिंडीला त्रिपुरसुंदरी आणि प्राणेश दोघेही आमच्यासाठी बसूनच होते. यांचं तमिळ भाजी आणण्यापुरतं आहे, तरी यांनी तमिळमध्येच बोलायचं ठरवलं, का ते देव जाणे. बाईंनी विचारलं, प्रमोदिनी कुठं आहेत? यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आणि चंद्रिका? पुन्हा माझ्याकडेच. बाई म्हणाल्या, सर, माझ्या फायलीत त्या दोघी आहेत आणि तुम्ही दोघींना ओळखता असं लिहून दिलंय. त्यावर हे छातीवर हात ठेवून म्हणाले, 'होय मॅडम, दोघींबरोबर अठ्ठावीस वर्षं सुखानं संसार केला.' प्राणेशनं पेन खाली ठेवलं.

मग मी तोंड उघडलं आणि ताट, तांदूळ, अंगठी, नोटरी, खुर्ची असं सगळं सांगितलं. बाईंनी राजगोपालांना फोन लावला आणि माझी कॉफी संपेपर्यंत त्यांना तमिळमध्ये असं काही झापलं, की आमच्या आजीची आठवण झाली. भाडेकरार माझ्यासमोर फाडला. (जरा वाईट वाटलं. अशी भाडेकरू पुन्हा मिळायची नाही.) मग शांत झाल्या आणि म्हणाल्या, दोन्ही नावांची बाई एकच, असं एक प्रतिज्ञापत्र करा, तेवढं पुरतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण नोंदणी एकाच नावावर होईल. मी म्हटलं, उर्फ लावता येत नाही का? त्या म्हणाल्या, उर्फ पोलीस ज्यांना शोधतात त्यांना लावतात. एक नाव सांगा. या नावाचे कागद त्या नावावर करा किंवा त्या नावाचे या नावावर, खटपट सारखीच आहे. कोणतं लिहू?

हे फॉर्म भरायच्या सवयीनं 'प्रमो...' एवढंच म्हणाले. बाईंनी हात वर केला. 'सर, तुमची बायको एकच आहे हे आत्ता कुठं ठरलंय. तिला बोलू द्या.'

पहिलं नाव वडिलांनी ठेवलं, दुसरं तुम्ही, लेकीचंसुद्धा वन्संनी. मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. खोटं कशाला बोलू, सुखाचंच सगळं झालं. पण त्या टेबलासमोर, वर पंखा कुरकुरतोय, प्राणेश पेन घेऊन बसलाय, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत, तेव्हा एकदम रडू आलं. ऊर्मी झाली तेव्हाही एवढं आलं नव्हतं. हे घाबरून पाणी आणायला गेले. मग मी एक नाव सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं, आणि यांनी पाण्याचा पेला तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि 'बरं' म्हणाले.

तर अशी ही हकिगत. काही कागद दुरुस्त करायचे होते ते यांनी स्वतः हिंडून केले. मामीला सगळं समजावलं, तिला निम्मं पटलं, पण दूध पुन्हा हेच आणतात. आता पाटीचा फोटो गिंडीला नेऊन दिला की नोंदणीचा कागद हातात पडेल, मग खातं, मग सिडनीचे पैसे. बाईंनी आपल्या भाचीसाठी एक मडिसारही सांगून ठेवलं आहे, फुकट नको म्हणून बजावून. तुमच्यासाठी वेगळ्या पार्सलनं फिल्टर कॉफीची पूड आणि मऊ सुती लुगडं पाठवते आहे, न शिवलेलं. गुडघ्यांना जपा, लिफ्ट बंद असेल तर देवळात जायचा हट्ट करू नका, देव कुठं पळत नाही. भाऊजी, जाऊबाई आणि मुलांना आमच्या दोघांकडून जे ज्याला शोभेल ते सांगा.

तुमची लाडकी (असं मी समजते) धाकटी सून

ता. क. खाली नाव का नाही, असं विचाराल. आई, इतकी पानं मी एक वाक्य पुढे ढकलत आले आहे. मी चंद्रिका सांगितलं. तुमच्यावर राग म्हणून नाही. प्रमोदिनीचं सासरी सगळं चांगलं झालं, तुम्ही तिला कधी टाकून बोलला नाहीत, कासोट्यापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं तिलाच शिकवलंत. पण पहिल्यांदाच कुणी विचारलं आणि तोंडात तेच आलं. तुम्ही मला प्रमोदिनीच म्हणा, मी ओ देईन, पूर्वीसारखीच. राग आला असेल तर मला सांगा, जाऊबाईंना नको.

ता. क. नंतरचं ता. क. खरं काम राहिलंच. पाटीवर दुकानाचं नाव काय घालायचं ते ठरत नाही. चंद्रिका घालावं तर त्या नावाचा साबण आहे, लोक साबण मागत येतील. प्रमोदिनी घालावं तर प्राणेश तिला शोधत येईल. मग वाटलं, जिनं लुगडं नेसायला शिकवलं तिचंच नाव घालावं, सुमती. पण लिहिता लिहिता हात थांबला. सुमती हेही तुम्हाला मिरजेला ताटातच मिळालं ना? मामंजींनी अंगठीनं लिहिलेलं, तुमच्या सासूबाईंनी निवडलेलं. मग त्याआधी तुम्ही कोण होतात? ऊर्मीला विचारलं, ती म्हणाली, 'आजी'. वन्संना फोन केला, त्यांना माहीत नाही, त्यांनी भाऊजींना विचारलं, त्यांनाही नाही. यांना विचारलं तेव्हा हे कॉफी पीत होते. यांनी पेला खाली ठेवला, खूप वेळ आठवून पाहिलं, आणि म्हणाले, 'आईच.' तेव्हा तेवढं नाव कळवा. पाटी रंगवणाऱ्याला मी थांबवून ठेवलं आहे.